एन्झाइमचे मराठी आणि ताकाचे गोत्र

प्रश्न असा आला आहे: सोलापुरातील एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भगिनी रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहेत. 'एन्झाइम', म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, या शब्दासाठी त्यांना विकर, वितंचक, किण्व आणि पाचकरस असे चार पर्याय सुचवले गेले असून त्यांपैकी कोणता घ्यावा, हे त्यांना ठरवायचे आहे. शिवाय 'चयापचय' (मेटाबोलिझम) हा शब्द पचनावरूनच आला असेल, तर रुग्णांना सोपे जावे म्हणून 'चयापचन' लिहिले तर चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा अपशब्द मी आरोग्यविषयक व्याख्यानांत, व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडी इतक्या वेळा ऐकला आहे की आता ऐकून घेण्याची सहनशक्ती उरलेली नाही. 'चयापचन' चालणार नाही. चय अधिक अपचय म्हणजे चयापचय. 'चि' म्हणजे गोळा करणे, रचणे. संचय, परिचय, निश्चय ही सगळी त्याच धातूची प्रजा. चय म्हणजे रचणे आणि अपचय म्हणजे रचलेले उतरवणे. पेशी ग्लुकोजचे रेणू जोडून ग्लायकोजेन साठवते तो चय, आणि गरज पडताच तेच ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज मोकळे करते तो अपचय. या शब्दात 'पच' हा धातू कोठेही नाही; संधी होताना दोन अकार मिळून आकार झाला आणि उरलेल्या 'पचय' या तुकड्यात लोकांच्या कानाला पचन ऐकू येऊ लागले, एवढेच. उलट 'चयापचन'चा विग्रह प्रामाणिकपणे केला तर तो चय अधिक अपचन असा होतो, आणि अपचन म्हणजे काय हे हुरड्याच्या हंगामात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

हा निव्वळ व्याकरणाचा हट्ट नाही. पचन अन्नमार्गात होते, चयापचय प्रत्येक जिवंत पेशीत चालतो. आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १९०२ मध्ये आल्कॅप्टोन्यूरिया या विकाराचा आनुवंशिकतेशी संबंध दाखवला आणि १९०८ च्या आपल्या व्याख्यानांत अशा विकारांना चयापचयातील जन्मजात दोष म्हटले. आल्कॅप्टोन्यूरियात टायरोसिन या अमिनो आम्लाच्या अपचयाच्या साखळीतील एकच एन्झाइम निकामी असते, त्यामुळे होमोजेंटिसिक आम्ल साचते आणि लघवी हवेत राहिली की काळी पडते. रुग्णाची भाकरी, भाजी, शेंगाचटणी सारे व्यवस्थित पचत असते. बिघाड पचनानंतरच्या कामात असतो. फेनिलकीटोन्यूरियाचेही तेच आहे. तेथे फेनिलअ‍ॅलनिनचे टायरोसिन करणारे एन्झाइम काम करीत नाही, साचलेले फेनिलअ‍ॅलनिन वाढत्या मेंदूला इजा करते, आणि जन्मल्याबरोबर ओळखून आहार बदलला तर ती इजा टाळता येते. अशा बाळाच्या आईवडिलांच्या हाती 'पचनातील जन्मजात दोष' असे लिहिलेला कागद दिला तर ते घरी जाऊन बाळाला ओव्याचे पाणी पाजतील, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

याच कारणासाठी 'पाचकरस' हा पर्याय तत्काळ बाद करावा. पाचकरस म्हणजे लाळ, जठररस, स्वादुपिंडरस. त्यांत पाणी असते, क्षार असतात, जठररसात आम्ल असते आणि एन्झाइमेही असतात. आपली कडक भाकरी घाई न करता चावत राहिले की काही वेळाने गोडसर लागते, ते लाळेतील अमायलेजने स्टार्च फोडून माल्टोज केल्यामुळे. येथे लाळ हा रस आहे आणि अमायलेज हे त्यातील एन्झाइम. पण तुमच्या अहवालात ज्याचा आकडा छापला जातो ते एसजीपीटी अन्नाचा एक कणही पचवीत नाही. ते यकृताच्या पेशींत राहून अ‍ॅलनिनचा अमिनो गट उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवते आणि पेशींना इजा झाली की गळून रक्तात उतरते. रक्तातला आकडा वाढतो तो या गळतीमुळे. संप्रेरक (हार्मोन) आणि उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारे द्रव्य) या दोन शब्दांची जी सरमिसळ होते तिच्याविषयी एकच वाक्य पुरे: इन्सुलिन हे संप्रेरक आहे, एन्झाइम नव्हे, आणि एन्झाइम हे उत्प्रेरक आहे, संप्रेरक नव्हे.

आता विकर. शालेय पाठ्यपुस्तकांनी हा शब्द रुळवला आहे आणि त्याच्या घडणीत खोट काढता येत नाही, हे आधी मान्य करतो. वि अधिक कृ, म्हणजे रूप बदलणारा. संस्कृतात विकार म्हणजे मुळात बदल. दही हा दुधाचा विकार, असे शास्त्रकार निःसंकोच म्हणत. 'मेटाबोलिझम'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदल हाच आहे, तेव्हा विकर हा शब्द करणाऱ्याने विचार करूनच केला असणार. परंतु शब्द घडवणाऱ्याने संस्कृत ऐकले आणि मराठी ऐकायचे राहून गेले. मराठीत विकार म्हणजे आजार. ज्या विषयात पानोपानी आजार येणार त्याच विषयात आजाराहून एका कान्याने वेगळा शब्द पारिभाषिक म्हणून बसवणे म्हणजे जुळ्या भावंडांना एकाच कापडाचे सदरे शिवण्यासारखे आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शहरातील एका आरोग्य शिबिराच्या फलकावर 'शरीरातील विकार अन्नाचे पचन घडवून आणतात' असे ठळक अक्षरांत रंगवलेले मी स्वतः वाचले आहे. मी आयोजकांना चूक दाखवली तेव्हा त्यांनी मलाच विचारले की मग विकार काय करतात. 'यकृतातील विकरांचे प्रमाण वाढले आहे' हे तुमच्या पत्रकातील वाक्य रुग्ण कसे वाचेल, याची कल्पना करून पाहा. त्यात छपाईत एक काना जास्त पडण्याचीही गरज नाही, वाचणारा तो मनाने घालून घेतो.

म्हणून माझे मत वितंचकाच्या बाजूने आहे, आणि खरे सांगायचे तर या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. वितंचक हा शब्द अवघड, रुक्ष, सरकारी वाटतो, अशी तक्रार सगळेच करतात. पण तो दुपारच्या जेवणानंतर आपण पेल्यातून पितो त्या ताकाचा सख्खा भाऊ आहे. संस्कृतात 'तञ्च्' असा धातू आहे. धातुपाठ त्याचा अर्थ संकोचन, म्हणजे आकसणे, असा देतो. 'आ' हा उपसर्ग लागला की त्याचा अर्थ दूध विरजणे असा होतो आणि आतंचन म्हणजे विरजण. याच धातूला 'र' हा प्रत्यय लावून उणादिसूत्रांनी, म्हणजे शब्दसिद्धीच्या जुन्या व्याकरणसूत्रांनी, तक्र हा शब्द सिद्ध केला आहे, त्याच सूत्रात शेजारी वक्र आणि शक्र बसलेले आहेत. आणि तक्राचे प्राकृतात तक्क, मराठीत ताक. जो शब्द विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात त्याचे कूळ स्वयंपाकघरातल्या रवीशी असे चिकटलेले आहे, आणि पाठ्यपुस्तके मात्र शब्द तेवढा देऊन गप्प बसतात. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तैत्तिरीय संहितेत यज्ञासाठी दूध कशाने विरजावे याची चर्चा आहे, ती तर आजच्या जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकानेही वाचावी. पूतीक नावाची वनस्पती, पळसाची साल, बोरे, तांदूळ, नेहमीचे आतंचन आणि शेवटी दही, असे पर्याय तेथे एकामागून एक येतात, प्रत्येक कोणाच्या वाट्याचा ते ठरवले जाते, आणि इंद्राचे म्हणून दही जिंकते. म्हणजे एकाच बदलाला निरनिराळे कारक घालून पाहता येतात, आणि आतंचन हे त्या कारकाचे नाव आहे, याची जाणीव त्या लोकांना होती. एन्झाइम या कल्पनेचा गाभा तरी याहून वेगळा काय आहे?

राहिला 'वि'. आतंचकाऐवजी वितंचक का केले, यावर माझा एक तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला विलगीकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डायास्टेज हे नाव दिले. एन्झाइमांच्या नावांच्या शेवटी येणारे 'एज' हे शेपूट पुढे या डायास्टेजवरूनच आले. अमायलेज, लायपेज, लॅक्टेज ही सगळी त्याचीच नातवंडे. ग्रीक 'डिया' आणि आपला 'वि' यांचे काम येथे एकच आहे: अलग करणे, फोडून वेगळे करणे. शब्द करणाऱ्याच्या मनात डायास्टेज होते, आणि आकसण्याच्या धातूला त्याने फोडण्याचा उपसर्ग लावून चय आणि अपचय ही दोन्ही कामे एकाच शब्दात बसवली, असे मला वाटते. एका विद्वान मित्राने हा तर्क ऐकून 'फार गोड आहे, म्हणून खोटा असणार' असे म्हटले. शब्दाची व्युत्पत्ती कडूच असली पाहिजे, हा नियम कोणत्या व्याकरणातला, ते त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

एन्झाइमचे नाते असे विरजणाशी जोडण्याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. घरचे दही लागते ते एन्झाइमने दूध थेट गोठवल्यामुळे नव्हे. विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करतात, आम्लता वाढत जाते आणि सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन एकत्र गोळा होते. मान्य. परंतु लॅक्टोज फोडण्याचे काम त्या जिवाणूंची एन्झाइमेच करतात, आणि ज्यांच्या आतड्यात लॅक्टेज कमी असते त्यांना दुधाने पोट फुगते पण दही बहुधा सोसते, याचे कारणही हेच आहे की त्यांच्या वाट्याचे थोडे काम जिवाणूंनी आधीच करून ठेवलेले असते. आणि थेट गोठवणारे एन्झाइमच हवे असेल तर वासराच्या पोटातील कायमोसिन आहे. ते केसीनचा एक विशिष्ट दुवा कापते आणि दूध साकळते. चीज त्याच पद्धतीने करतात.

सोलापूरकरांना तर हे समजायला सर्वांत सोपे असावे, कारण आपल्या गल्लीत तीन भाषा नांदतात. कानडीत विरजणाला हेप्पु म्हणतात आणि रक्त साकळण्यालाही हेप्पुगट्टु हेच क्रियापद वापरतात. दूध आणि रक्त यांना एकच शब्द लावणाऱ्या त्या भाषेला, थ्रॉम्बिन नावाचे एन्झाइम रक्तातील विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करते आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्ताची गुठळी धरते, हे कोणी सांगितलेले नव्हते. तंच् धातूचे संकोचन येथे शब्दशः घडते. हिमोफिलिया या रक्त नीट न साकळण्याच्या आजाराच्या ब प्रकारात रक्त साकळवणाऱ्या ज्या नवव्या घटकाची उणीव असते, तोही सक्रिय झाल्यावर एन्झाइमच असतो. ही साखळी मध्येच तुटली की रक्ताला विरजण लागत नाही, असे मी एका कानडी शेजाऱ्यांना समजावले तेव्हा त्यांनी पुढचे स्पष्टीकरण मागितले नाही.

याच कानडीच्या आधाराने किण्वाचा पक्ष घेणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, कारण कानडी शास्त्रीय परिभाषेत एन्झाइमला किण्व म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की विल्हेल्म कूने याने १८७० च्या दशकात एन्झाइम हा शब्द केला तो 'खमिरातले' या ग्रीक अर्थाने, आणि किण्व म्हणजे खमीर, तेव्हा भाषांतर तंतोतंत आहे. चार्वाकांनी किण्वादिकांपासून मदशक्ती उपजते तसे महाभूतांपासून चैतन्य उपजते, असा दृष्टान्त दिला होता, हे सांगताना तर त्यांना भरून येते. दृष्टान्त सुंदर आहे, यात वाद नाही. पण 'खमिरातले' याचे भाषांतर 'खमीर' असे करणे म्हणजे घागरीतल्या पाण्याला घागर म्हणणे होय, आणि या एका फरकावरच एकोणिसाव्या शतकातले मोठे भांडण झाले. साखरेचे मद्य होण्यासाठी जिवंत यीस्ट लागतेच, असे पाश्चर म्हणत होता. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर याने यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून, एकही जिवंत पेशी नसलेला रस काढला, त्यात साखर घातली आणि बुडबुडे आले. त्यासाठी त्याला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. किण्व आणि किण्वातले काम करणारे द्रव्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेच तर त्याने सिद्ध केले. शिवाय मराठीत किण्वन हा शब्द आंबवण्याच्या क्रियेसाठी आधीच पक्का झालेला आहे. याच न्यायाने विरजण, किंवा आमच्या खेड्यांतले इरजण, हा शब्दही एन्झाइमसाठी घेता येत नाही, कितीही घ्यावासा वाटला तरी.

पत्रकाचे राहूनच गेले. पहिल्या उल्लेखात 'एन्झाइम म्हणजे वितंचक' असे लिहावे आणि पुढे सर्वत्र एन्झाइम हाच शब्द ठेवला तरी माझी हरकत नाही; तो आता मराठीच झाला आहे. वितंचक रुग्णांना कळणार नाही, असे तुमच्या वरिष्ठांनी म्हटल्याचे तुम्ही लिहिले आहे. बरोबर आहे, कळणार नाही, आणि न कळल्यामुळे रुग्ण विचारील. विकर मात्र त्याला कळल्यासारखे वाटेल आणि तो विचारणार नाही. एसजीपीटीच्या आकड्याखाली 'हे यकृताच्या पेशींतील एक एन्झाइम आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात अधिक प्रमाणात आढळते' एवढे लिहावे. जी-६-पीडी या चाचणीखाली मात्र आणखी एक वाक्य हवे: या एन्झाइमची उणीव असलेल्यांच्या तांबड्या पेशी हिवतापावरील प्रायमाक्विनसारख्या काही औषधांनी फुटू शकतात, म्हणून हा अहवाल प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवावा. त्या वाक्यात 'उणीव' हाच शब्द ठेवा. तेथे 'विकर-विकार' असा जोडशब्द कोणी सुचवला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.