जीवाश्म, ‘जीवाष्म’ आणि अस्मानातून पडलेले दात

सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मुशी (शार्क) आणि पाकट (रे मासा) यांचे प्राचीन दात सापडले आहेत. त्यांच्याविषयी वाचून एका वाचकाने विचारले आहे, की ‘जीवाष्म’ लिहावे की ‘जीवाश्म’, आणि मुळातच टणक असलेल्या दाताला हा शब्द लागू पडतो का?

‘जीवाष्म’ असा शब्दच नाही. ‘ऊष्मा’तला ष उचलून ‘अश्मा’च्या, म्हणजे दगडाच्या, माथी मारण्याची खोड बातम्यांतून जात नाही, अश्मयुगात किंवा मुतखड्याच्या ‘अश्मरी’त मात्र तो कोणी घालत नाही.

खरी गंमत या संस्कृत ‘अश्मन्’ची आहे. प्राचीन इराणी धर्मग्रंथ अवेस्तेतील त्याचे भावंड ‘अस्मन्’ दगडालाही म्हणतात आणि आकाशालाही. त्याच घराण्यातून फारसी ‘आस्मान’ आणि आपल्या ‘अस्मानी-सुलतानी’तले अस्मान आले. आकाश म्हणजे दगडी घुमट, ही कल्पना त्यामागे असावी असे मला वाटते. हे दोन अर्थ निरनिराळ्या शब्दांचे आहेत असे काही भाषाशास्त्रज्ञ बजावतात, पण त्यांना प्लिनीचा विसर पडलेला दिसतो. पहिल्या शतकातील या रोमन लेखकाने अशी समजूत नोंदवली आहे, की जिभेच्या आकाराचे काही दगड चंद्रग्रहणात आकाशातून पडतात. ते दगड म्हणजे मुशीचे प्राचीन दात! १६१६ मध्ये इटालियन निसर्गअभ्यासक कोलोन्नाने हे ओळखले, आणि इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या अजस्र मुशीचे डोके तपासून डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ स्तेनोने १६६७ मध्ये ते साधार मांडले. माझ्या अस्मानाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र वाचकाने नेमके बोट ठेवले आहे. ‘फॉसिल’च्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘खणून काढलेले’ एवढाच आहे. दगडाची हमी आपल्याच शब्दाने घेतली. मुशीचा सांगाडा कूर्चेचा असल्याने बहुधा कुजून जातो, पण जन्मभर गळत राहणाऱ्या तिच्या दातांचे वरचे कवच फ्लोरॲपेटाइट या खनिजाचे असते, आणि आतला भाग बदलला तरी कवचाच्या फॉस्फेटमधील ऑक्सिजन सहसा बदलत नाही. पाणी जितके उबदार, तितके कवचात जड ऑक्सिजनचे (ऑक्सिजन-१८ या वजनदार प्रकाराचे) प्रमाण कमी, म्हणून उष्ण कटिबंधातील जुन्या समुद्राचे तापमान त्यावरून काढता येते. नदीच्या गोड्या पाण्यानेही हे प्रमाण घटते, त्यामुळे खाडीकाठच्या दातावरून समुद्र होता त्याहून गरम भासू शकतो. अशा वेळी दाताचा आकार आणि त्याचे शेजारी पाहावे लागतात. पाकटांचे फरशीसारखे चपटे दात शिंपले फोडण्याचे, आणि वस्तानला तर त्याच खाणीत जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांचेही अवशेष मिळाले आहेत. म्हणजे पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताजवळ असताना, तेथे खुला दर्या नव्हता, किनाऱ्यालगतचे उथळ पाणी होते.

तेव्हा रूढीप्रमाणे ‘जीवाश्म’ खुशाल म्हणावे, पण ‘दगड झालेला दात’ असे लिहू नये. त्याचे कवच दगड झाले असते, तर हे तापमान कळलेच नसते.