आत नाणे दडवलेला केक: वासिलोपिताविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रीसमध्ये १ जानेवारी हा संत बासिलचा दिवस. त्या दिवशी घरोघरी कापल्या जाणाऱ्या, पोटात एक नाणे लपवलेल्या केकला वासिलोपिता म्हणतात. मागच्या अंकात तिचा ओझरता उल्लेख झाला आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या वाचकांचे प्रश्न आले. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरे.

मला प्रमाण वजनात हवे आहे, कपात नको. घरी २४ सेंमीचा गोल टिन आणि साधा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे. (फोंडा)

टिन किमान ७ सेंमी खोल हवा. त्याला मैदा ४०० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी २२० ग्रॅम, बारीक साखर ३०० ग्रॅम, अंडी ५, घट्ट दही २०० ग्रॅम, संत्र्याचा रस ८० मिली, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, बेकिंग पावडर ३ सपाट छोटे चमचे, खाण्याचा सोडा आणि मीठ प्रत्येकी पाव छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा. घरचे दही असेल तर ३०० ग्रॅम दही तासभर फडक्यात टांगून ठेवा आणि उरेल त्यातले २०० ग्रॅम घ्या. रसापैकी दोन मोठे चमचे कमी करून तेवढी ब्रँडी घातली तरी चालते. काजूची फेणी मात्र नको, तिच्या वासापुढे संत्रे शिल्लक राहत नाही.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीवर सरकते. फळ ताजे, घट्ट असतानाच किसा किंवा सरळ माल्टा घ्या. चकचकीत फळावर मेणाचा थर असतो, ते गरम पाण्यात चोळून धुवा. फक्त वरचा नारिंगी भाग घ्यायचा. पांढरा भाग उतरला की केक कडवट झालाच म्हणून समजा.

आधी साखरेत कीस टाकून बोटांनी चोळा. साखर ओलसर आणि पिवळसर झाली म्हणजे सालीतले तेल सुटले. त्यात लोणी घालून ५-६ मिनिटे फेटा, मग एकेक अंडे घालत प्रत्येक वेळी मिनिटभर फेटा. व्हॅनिला घाला आणि मिक्सर बाजूला ठेवा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळून तीन भागांत घाला, मधल्या दोन वेळांना दही आणि रस एकत्र करून घाला. सुरुवात मैद्याने, शेवटही मैद्याने. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा.

ओटीजी दोन्ही कांड्या चालू ठेवून १५ मिनिटे तापवा. मधल्या खणात १७० अंशांवर ५५ ते ६५ मिनिटे. चाळिसाव्या मिनिटानंतर वरचा रंग गडद होऊ लागला तर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर पसरा. डायल १७० दाखवतो म्हणून आत १७० असतेच असे नाही, २० अंशांचा फरक सर्रास असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर पुढचे निम्मे प्रश्न पडणार नाहीत. मध्यभागी उंच डोंगर येऊन वर तडा जातो तोही बहुधा ओव्हन जास्त तापल्यामुळे: कडा आधी घट्ट होतात आणि आतल्या पिठाला वर उसळण्याशिवाय वाट उरत नाही.

अंडी घालताच मिश्रण फाटल्यासारखे झाले. केक बसका आणि तळाशी चिकट थर. लोणी तर चार तास बाहेर ठेवून छान मऊ केले होते. (पणजी)

चूक त्या चार तासांतच आहे. पाककृतीत ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ असे लिहिलेले असते तेव्हा ती खोली थंड देशातली असते. फेटताना लोणी १८ ते २० अंशांच्या आसपास हवे. आपल्या स्वयंपाकघरात डिसेंबरच्या दुपारीही तीसच्या आसपास तापमान असते. तिथे लोण्यातले घट्ट स्निग्ध कण विरघळतात, आणि साखरेने पाडलेली हवेची छिद्रे धरून ठेवायची ती याच कणांनी. ते विरघळले तर कितीही फेटा, हवा टिकत नाही. अंड्यातले पाणीही अशा तेलकट लोण्यात सामावत नाही, म्हणून मिश्रण दाणेदार दिसते. तळाचा चिकट थर त्याचाच पुढचा भाग.

लोणी फ्रिजमधून काढून २ सेंमीचे तुकडे करा आणि साधारण २० मिनिटे ठेवा. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट आरपार जाता कामा नये आणि तुकड्यावर तेलाची चमक दिसता कामा नये. अंडी मात्र तासभर आधी बाहेर काढा, थंडगार अंड्याने लोणी एकदम आखडते आणि तेव्हाही मिश्रण फाटते. फेटता फेटता भांडे गरम लागले तर ते दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. तरीही फाटलेच तर मोजलेल्या मैद्यातले दोन चमचे घालून फेटा, बरेचसे सावरते.

पावसाळ्यात उघडलेला बेकिंग पावडरचा डबा असेल तर तोही तपासा. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकली की जोरात फसफसली पाहिजे. नुसते चार बुडबुडे आले तर डबा टाकून द्या.

नाणे कोणते आणि कधी घालायचे? आमचा ओव्हन मायक्रोवेव्हचा आहे, कन्व्हेक्शनवाला. घरात चार वर्षांचा नातू आहे. (मडगाव)

एक-दोन रुपयांची हल्लीची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, ती चालतात. साबणाने घासून दहा मिनिटे उकळा, पुसून फॉइलच्या दुहेरी घडीत गुंडाळा. अर्धे मिश्रण टिनमध्ये ओतल्यावर काठापासून ३-४ सेंमी आत आडवे ठेवा आणि उरलेले मिश्रण वर ओता. अगदी मधोमध ठेवू नका, सगळ्या फोडींची टोके तिथे येतात आणि सुरी नाण्यावरच अडते. नंतर टिन डोळे मिटून दोनदा फिरवा, म्हणजे करणाऱ्यालाही जागा कळत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये निव्वळ कन्व्हेक्शनवर नाणे आणि धातूचा टिन दोन्ही चालतात. कॉम्बिनेशन मोडवर मात्र मायक्रोवेव्ह लहरीही चालू असतात आणि फॉइलच्या टोकांवर ठिणग्या उडू शकतात. तो मोड लावूच नका. आत पंखा असल्याने तापमान १६० ठेवा.

नातवाचा प्रश्न महत्त्वाचा. नाण्याऐवजी बदाम हा उपाय त्या वयासाठी योग्य नाही, अख्खा बदामही घशात अडकतो. नाणे केकमध्ये न घालता केक ताटलीत ठेवण्यापूर्वी ताटलीवरच ठेवा. ज्याच्या फोडीखाली निघेल त्याचे. आत घालायचेच असेल तर मुलाची फोड मोठ्या माणसाने आधी पूर्ण कुस्करून बघावी.

यामागची कथा आणि कापण्याची रीत काय? पोर्तुगीज बोलो-रेईचाच हा प्रकार का? (डिचोली)

बासिल हा चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप, मृत्यू इ. स. ३७९. कैसरिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी. कथा अशी, की शहरावरचे खंडणीचे संकट टाळण्यासाठी लोकांनी दागदागिने गोळा केले, संकट टळले, पण कोणाचे काय ते कळेना. बासिलने ते भाकऱ्यांमध्ये घालून वाटले आणि ज्याचे त्याला मिळाले. कथेचे तपशील ठिकठिकाणी बदलतात. कॅथलिक पंचांगात त्याचा दिवस २ जानेवारी, ग्रीकांकडे १. ग्रीक मुलांना भेटवस्तू आणणारा म्हाताराही तोच, म्हणून तिथे भेटी नववर्षाला.

कर्ता माणूस सुरीने केकवर तीनदा क्रूस काढतो. पहिली फोड ख्रिस्ताची, मग मारियेची आणि संत बासिलची, कुठे घराची आणि गरिबाचीही, नंतर वयाने थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. नाणे मिळाले त्याचे वर्ष भाग्याचे. कचेऱ्या आणि क्लब तर फेब्रुवारीपर्यंत वासिलोपिता कापत असतात. सुरी नेमकी नाण्यावर आली तर वाद ठरलेला, म्हणून नाणे ज्या फोडीत जास्त गेले तिचे, असे आधीच ठरवून टाका.

बोलो-रेई वेगळा. तो यीस्टचा, कड्याच्या आकाराचा, साखरेत मुरवलेल्या फळांचा, आणि त्याचा संबंध ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणाशी. आपल्याकडे रेइश मागूश, चांदर आणि कासावलीला फेस्त होते तो दिवस. त्यात परंपरेने वालाच्या जातीचे सुके बी घालत, आणि ते ज्याला मिळेल त्याने पुढचा केक आणायचा. म्हणजे इथे सापडणाऱ्याला लाभ, तिथे खर्च!

यीस्टच्या वासिलोपितासाठी माहलेपी आणि मस्तिखा हवे म्हणतात. म्हापशाच्या बाजारात कोणाला ठाऊक नाही. (म्हापसा)

मस्तिखा म्हणजे खिओस बेटावरच्या झाडाचा डिंक. तो आपल्याकडे रुमी मस्तकी नावाने काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. स्वस्त मिळाली तर राळ माथी मारली असण्याची शक्यता जास्त. पाव चमचा खडे तासभर फ्रीझरमध्ये ठेवून चमचाभर साखरेबरोबर खलात कुटा, नाहीतर खलाला चिकटून बसतात. माहलेपी म्हणजे एका रानचेरीच्या बियांतला गर. त्यासाठी पदरमोड करू नका: वेलची पूड १ चमचा आणि बदामाच्या इसेन्सचे २-३ थेंब घाला. वेलची ग्रीकही यात घालतातच.

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, अंडी २, दूध १३० मिली, मीठ अर्धा चमचा. कणीक दहा मिनिटे मळून मगच १०० ग्रॅम लोणी थोडे थोडे घाला. आपल्या हवेत दूध कोमट करू नका, मळतानाच कणीक तापते आणि लोणी बाहेर पाझरते. दुप्पट व्हायला दीड ते दोन तास, आकार दिल्यावर पाऊण तास, मग १७५ अंशांवर ३५ मिनिटे. पोदेर, म्हणजे आपले पाववाले, पूर्वी कणीक फुगवायला माडाची सूर वापरत, ती इथे नको. इतक्या साखर-लोण्यात ती फार मंद चालते आणि आंबटपणा उतरतो.

अंडी न घालता होईल का? (साखळी)

ओढूनताणून होईल, पण ग्रीकांचाच फानुरोपिता असताना ओढाताण कशाला? संत फानुरियोसच्या २७ ऑगस्टच्या दिवसाचा हा केक उपवासाचा, अंडी-दूध-लोणी नसलेला. मैदा ४०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, तेल १६० मिली, संत्र्याचा रस ३२० मिली, बेकिंग पावडर ३ चमचे, सोडा अर्धा चमचा, दालचिनी पूड १ चमचा, बेदाणे आणि अक्रोड १००-१०० ग्रॅम. सोडा रसात घातला की फेस वर येतो, भांडे मोठे घ्या. हाताने ढवळा आणि लगेच १७० अंशांवर ५० मिनिटे भाजा. नाणे यातही चालते.

केकवर बदामांनी लिहिलेले नव्या वर्षाचे आकडे वेडेवाकडे झाले, पिठीसाखर विरघळली. (वास्को)

केक फुगताना आकडे पांगणारच. कागदात आकडे कापून तो पूर्ण थंड केकवर ठेवा आणि पिठीसाखर चाळा. साखरेत चौथा हिस्सा कॉर्नफ्लोअर मिसळा आणि कापण्याच्या पाच मिनिटे आधीच भुरभुरा, समुद्राकाठच्या हवेत ती रात्रभर टिकत नाही.

भाजताना वीज गेली तर? (काणकोण)

दार उघडू नका. दहा मिनिटांत आली तर आणखी दहा मिनिटे वाढवा, बहुधा निभावते. पहिल्या वीस मिनिटांतच वीज गेली आणि बराच वेळ आली नाही तर नंतर पूर्ण भाजूनही केक घट्टच होईल. त्याचे काप करून १४० अंशांवर कडक होईपर्यंत भाजा, चहाबरोबर टोस्टसारखे चांगले लागतात.