मुलांच्या खाण्याची जबाबदारी कोणाची, आई-बापाची की कंपनीची?

मुलांच्या पाकीटबंद खाण्याला आवर आई-बापांनी घालायचा की कंपन्यांनी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी कंपनीनं, मग माझ्यासारख्या दुकानदारानं आणि त्यानंतर आई-बापांनी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे, शाळेच्या फाटकापासून चाळीस पावलांवर. अठरा वर्षं गल्ल्यावर बसून जे बघितलं, त्यावरून सांगतो.

शाळा भरायच्या आधी पोरं येतात, मुठीत पाच रुपयांचं नाणं. आई सकाळीच भांगलणीला गेलेली. पोरानं रडू नये म्हणून नाणं ठेवून गेलेली. त्या नाण्याचं काय घ्यायचं हे तिनं ठरवलेलं नसतं, ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. महागाई वाढली तरी पाकीट पाच रुपयांनाच मिळतं, आतलं वजन तेवढं घटतं. लडी कुठं टांगायची हेसुद्धा एजन्सीचा सेल्समन सांगतो. मला रॅक फुकट मिळाला होता. अट एकच, दर्शनी बाजूला आणि खालच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे सात वर्षांच्या पोराची नजर जिथं जाते तिथं. मुदत संपलेला माल ते बदलूनही देतात. गावातली एक ताई मला राजगिऱ्याचे लाडू करून देते. तिच्याकडं ना रॅक, ना स्कीम. पावसाळ्यात लाडू सादळले की नुकसान तिचं, नाहीतर माझं.

आई-बापांनी पाकीट वाचून घ्यावं, असं लोक सांगतात. पण साखर, मीठ, चरबीचे आकडे मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत असतात, आणि ते इंग्रजीत किंवा हिंदीत छापले की नियमाला पुरे, मराठीची सक्ती नाही. चिली देशात २०१६ पासून जादा साखर-मीठ असलेल्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोनी शिक्का असतो. तसा शिक्का आमच्या गावातल्या निरक्षर आजीलाही ओळखता येईल.

आता बोर्नव्हिटाचं बघा. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी, म्हणजे पाकिटातल्या खाण्यात काय असतं ते इंटरनेटवर सांगणाऱ्या एकानं, त्यातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली म्हणून त्यांनी तो काढला, पण तोवर तो खूप जणांनी बघितला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस १०० ग्रॅममागं वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आल्याची बातमी आली. म्हणजे कमी करता येत होती. हे मला फार लागलं, कारण दुधातून पोराच्या अंगात ताकद येईल म्हणून असल्या पावडरींचे डबे उधारीवर नेणाऱ्या बाया माझ्या वहीत आहेत. त्यांनी घरी कितीही लक्ष दिलं असतं, तरी कारखान्यातली साखर त्यांच्या हातात नव्हती.

माझ्या वाट्याचंही सांगतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकता येत नाहीत. मला ते दोन वर्षांपूर्वी नव्या गुरुजींनी दुकानात येऊन सांगितलं. तपासायला आजवर कुणी आलेलं नाही. तरी लड्या उतरवल्या आणि रॅक परत केला. पहिले तीन महिने गल्ला बसला, पोरं पुलापलीकडच्या दुकानात पळायची. मी खालच्या फळीवर फुटाणे, चिक्की, लाडू, केळी मांडली, सगळं पाच रुपयांत बसेल असं. निम्मी पोरं परत आलीत. बाकीची अजून पुलापलीकडंच जातात.

आई-बापांना माझी एकच विनंती आहे: नाणं देताना काय घ्यायचं तेही सांगून पाठवा. आमच्या आळीतली एक आजी नातवाला धाडते आणि मागून मलाच ओरडून सांगते, "फुटाणंच दे रं त्याला!" तो पोरगा दुकानात आल्यावर इकडंतिकडं बघतो, आणि मी फुटाणेच देतो.