मुंबई-दुबई किती तास ते सोडा, आधी तारीख बघा

भाऊ, मुंबई-दुबई विमानाला किती तास लागतात ही तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. तिकिटावर १७ तारीख, सुटायची वेळ ००:४०, आणि तुम्ही विचारताय की १७ च्या सकाळी सोलापूरहून वंदे भारतनं निघालो तर चालेल का. नाही चालणार ओ! तुम्ही फलाटावर चहा पीत असाल तेव्हा विमान दुबईत उतरून मोकळं झालेलं असेल. ००:४० म्हणजे १६ ची रात्र. १६ लाच निघा, रात्री साडेनऊला मुंबई एअरपोर्टच्या टी-२ (टर्मिनल २) च्या गेटवर पाहिजे तुम्ही.

आमचं अगदी हेच झालं. नातीचं बारसं होतं, तिकिटं नवी पेठेतल्या एका बुकिंगवाल्याकडून काढलेली. नाव घेत नाही. तो फोनवर म्हणाला, "काका, १२ ची रात्रीची फ्लाइट आहे, आरामात जा." आम्ही ११ च्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालो, १२ ला दिवसभर ठाण्यात मेहुण्याकडे झोपा काढल्या, रात्री नऊला एअरपोर्टवर. गेटवरच्या जवानानं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, परत तिकीट बघितलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, ये तो कल रात को चली गई." बायकोच्या हातात शेंगाचटणीची पिशवी, ती तशीच धरून उभी.

नवीन तिकिटांचे ४१ हजार गेले. त्याहून राग कशाचा आला सांगू? जायच्या विमानात बसलो नाही म्हणून परतीचं तिकीट पण आपोआप रद्द, ते बुकिंगवाल्यानं सांगितलंच नाही. वर म्हणतो, "एक रुपया परत मिळत नाही." खोटं आहे ते. नो-शो झालं, म्हणजे प्रवासी आलाच नाही, तरी टॅक्स आणि एअरपोर्टची फी परत द्यावी लागते, डीजीसीएचा (विमान कंपन्यांवरच्या सरकारी खात्याचा) नियमच आहे. मला कळलं तेव्हा सात महिने उलटले होते, मग नाद सोडला.

आता तुमचा मूळ प्रश्न. हवाई अंतर साधारण १,९३० किमी. सुटणं ००:४० आणि पोचणं ०२:२० बघून तुम्ही पावणेदोन तास धरले, पण ती दुबईची वेळ आहे, आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणजे खरे तीन तास दहा मिनिटं. येताना तिकिटावर साडेचार तास दिसले तर घाबरू नका, त्यात हाच दीड तासाचा फरक मिळवलेला दिसतो, उलट येताना वारा पाठीमागून असतो म्हणून जरा लवकरच येतं. आणि तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेत थांबणंही धरलेलं असतं.

गंमत बघा, सोलापूर-मुंबई सरळ रेषेत ३५५-३६० किमी, रेल्वेनं ४५५. वंदे भारतला पण साडेसहा तास लागतात, दुबईच्या दुप्पट!

मी काय एजंट नाही, गाडीच्या वेळा बदलतात, स्वतः तपासा. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, १६ ला कुठला वार येतो ते आधी बघा. नसली तर १५ च्या रात्रीची सिद्धेश्वर. आणि चटणी चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, तेल सुटतं लई.