चेष्टा, उपहास, हेटाळणी: टीका कुठे संपते?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका वाचकांचा प्रश्न असा: "गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून आमच्या मित्रमंडळींत वाद झाला. एकाने लिहिले, 'हे म्हणे विज्ञाननिष्ठ! आणि घरी सत्यनारायण-बित्यनारायण सगळं चालतं.' ज्याला उद्देशून लिहिले तो म्हणतो, हा उपहास आहे. लिहिणारा म्हणतो, ही नुसती टीका. तिसऱ्याने 'चेष्टा' म्हटले, तर त्याच्या हिंदीभाषक पत्नीला कळेना की कसला प्रयत्न चालला आहे. नेमका शब्द कोणता?"

थोडक्यात उत्तर: त्या वाक्यात टीका आहे, पण ती हेटाळणीत गुंडाळलेली आहे. दोन्ही सुट्या करता येतात. मात्र त्यासाठी नामांपेक्षा क्रियापदांकडे आणि विभक्तीकडे आधी पाहावे लागते.

मराठीत मुद्दा 'खोडून काढतात'. माणूस खोडून काढता येत नाही. उलट माणसाला 'हिणवतात'. मुद्द्याला हिणवले असे कुणी म्हणत नाही. 'तुच्छ लेखणे', 'कमी लेखणे' यांनाही 'ला' लागतो आणि तो बहुतेक वेळा माणसालाच लागतो. 'टीका' मधोमध बसते. तिला 'वर' लागतो, आणि तो निर्णयावरही चालतो, निर्णय घेणाऱ्यावरही. म्हणूनच "मी फक्त टीका केली" ही पळवाट सोपी होते. तिथे विचारायचे, टीका कशावर? उत्तर 'कशावर' असे आले तर पुढे बोलता येते. 'कुणावर' असे आले तर शब्द बदलायची वेळ झाली. 'तोंडसुख घेणे' हा वाक्प्रचार तर जास्तच प्रामाणिक आहे: सुख कुणाच्या तोंडाचे, हे त्यातच कबूल केलेले आहे.

आता नामे. 'उपहास' हसण्यातून आला, 'परिहास'ही. पण परिहासात समोरच्यालाही हसायला जागा असते, उपहासात ती नसते. 'उपरोध' निराळा. संस्कृतात त्याचा अर्थ अडवणे, वेढणे असा. मराठीत तो शब्दांचा अर्थ उलटा करून बोलण्याच्या तऱ्हेला चिकटला. उपरोध ही पद्धत आहे. ती प्रेमाने वापरता येते, स्वतःवरही वापरता येते. उपहास मात्र स्वतःचा करायचा तर स्वतःपासून जरा लांब उभे राहावे लागते. 'तुच्छ'चा मूळ अर्थ रिकामे, पोकळ. 'लेखणे' म्हणजे मोजणे, गणणे. तुच्छ लेखणे म्हणजे समोरच्याला शून्यात मोजणे. 'हिणवणे' हा हीनवरून आलेला, आणि सोन्याचांदीतल्या भेसळीला म्हणतात ते 'हीण' त्याच घरातले. 'हिणकस' ही सराफ्याची भाषा.

'हेटाळणी' मला या सगळ्यांत जास्त उपयोगी वाटते, कारण तिला एका शब्दाने भागत नाही. एखादा टोमणा म्हणजे हेटाळणी नव्हे. सूर सतत तोच लागला, की हेटाळणी होते. 'अवहेलना'त हसू नसते, दुर्लक्ष असते. 'कुत्सित' हे बहुधा हसण्याचे, बोलण्याचे विशेषण. 'छद्मी' त्याच्या जवळचे, पण छद्मी हसणारा काहीतरी लपवतो, तर कुत्सित हसणाऱ्याला आपला तिटकारा दिसायलाच हवा असतो. कथा-कादंबऱ्यांत ही दोन्ही विशेषणे सरसकट अदलाबदलीने वापरलेली दिसतात. तसे करू नये.

शरीराचा भाग भरतांनी फार नेमका टिपला आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. उपहसिताचे वर्णन असे: नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे आणि डोके आकसलेले. आपण आजही 'नाक मुरडतो' आणि 'तिरकं बोलतो'. अवयव तेच राहिले. गंमत म्हणजे हे हसणे भरतांनी अधमांकडे दिलेले नाही, बऱ्यापैकी सभ्य माणसांकडे दिले आहे.

तिसऱ्या मित्राची अडचण ग्वाल्हेर-इंदूरकडची नेहमीची. मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, टिंगल. संस्कृतात तिचा अर्थ हालचाल, हावभाव. हिंदीने त्यातून 'प्रयत्न' घेतला. शाळेच्या फळ्यावर 'सफल होने की चेष्टा करें' वाचून मराठी मूल घरी येते, आणि घरी आजी दटावते, "चेष्टा पुरे झाली." 'तिरस्कार'ही फसवा. हिंदीत तो अनादर, झिडकारणे याच्या जवळ राहतो. मराठीत घृणेपर्यंत जातो. हिंदीतल्या 'तिरस्कार किया'चे मराठी करताना 'झिडकारले' किंवा 'अवमान केला' म्हणावे, नाहीतर किरकोळ रुसवा वैर होऊन बसतो. 'मजाक' आपल्याकडे स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'त्याचा मजाक उडवला' असे हिंदी लिंगासकट आणू नये. 'त्याची खिल्ली उडवली', 'टर उडवली' हे शब्द हाताशी आहेतच. 'नीचा दिखाना'साठी 'खाली दाखवणे' नको. 'कमीपणा आणणे' म्हणा. आणि त्या पत्नींना मराठी 'चेष्टा' समजावताना 'मज़ाक उड़ाना' एवढे पुरे.

खरा मजकूर यापुढचा आहे. मराठीतला तुच्छपणा नामांत फारसा नसतोच, तो व्याकरणात असतो. आणि त्याची जवळजवळ सगळी हत्यारे जवळिकीच्या घरातून उचललेली असतात. म्हणूनच तो सिद्ध करता येत नाही, आणि "मी काय वाईट बोललो?" असा प्रश्न करणाऱ्याला पकडता येत नाही.

'म्हणे' घ्या. "ते विज्ञाननिष्ठ आहेत म्हणे." इथे 'म्हणे' वाक्याच्या शेवटी आहे, अर्थ फक्त ऐकीव माहिती. "हे म्हणे विज्ञाननिष्ठ!" इथे तोच शब्द कर्त्याच्या पाठीला लागून आला, क्रियापद गळाले, आणि अर्थ झाला, 'आणि आपण ते खरे मानायचे!' जागा बदलली की सूर बदलतो. संस्कृत काव्यशास्त्रात सुराने अर्थ फिरवण्याला 'काकु' म्हणतात. आपल्या 'म्हणे'ने तो काकु शब्दक्रमात बसवला आहे. क्रियापद पुढे ओढूनही तेच होते: "आले मोठे धर्मरक्षक!" हेच "धर्मरक्षक आले" असे लिहिले तर ती बातमी होते.

'सत्यनारायण-बित्यनारायण' ही जोडी बघा. 'चहा-बिहा' म्हटले तर कुणी रागावत नाही, कारण तिथे अर्थ 'चहा आणि सोबतचे काही'. सत्यनारायणासोबतचे 'काही' मात्र नसते. ती एकच, नाव असलेली, संकल्प सोडून केलेली पूजा. तिच्यामागे 'बि' लागला की ती अनेकांतली एक, किरकोळ ठरते. जी गोष्ट समोरच्याला एकमेव आहे तिची अशी जोडी केली की ती लागते. 'मतदान-बितदान', 'संविधान-बिंविधान' यांचाही हिशेब तोच. हिंदीत हे काम बहुधा 'व' करतो (पूजा-वूजा), आणि ग्वाल्हेरच्या मराठीत दोन्ही ऐकू येतात. 'वूजा' मराठी कानाला जरा सौम्य लागते, कदाचित परकी म्हणून.

प्रत्ययांचे असेच. कारकुनाचा 'कारकुंडा', कवीचा 'कवडा'. पाणिनीने यासाठी सूत्रच केले आहे: 'कुत्सिते' (५.३.७४). निंदेच्या अर्थी 'क' लावायचा. अश्वक म्हणजे भिकार घोडा. आणि दोनच सूत्रांनी पुढे (५.३.७६) तोच प्रत्यय अनुकंपेसाठी सांगितला आहे: पुत्रक, बिचारे पोर. तुच्छता आणि माया यांना एकच प्रत्यय! मराठीत 'कार्टं' हे आई म्हणते तेव्हा आणि शेजारी म्हणतो तेव्हा शब्द तोच, नपुंसकलिंगही तेच. वैयाकरण स्वतःही सुटले नाहीत. 'कुत्सितानि कुत्सनैः' (२.१.५३) या सूत्राचे ठरलेले उदाहरण 'वैयाकरणखसूची': प्रश्न विचारला की उत्तर सुचत नाही म्हणून आभाळाकडे बोट दाखवणारा व्याकरणपंडित.

एकेरीही याच जातीची. आईला 'तू', विठोबाला 'तू', जिवलग मित्राला 'तू'. हिंदी शेजाऱ्याला मराठी मुलाने आईला 'तू' म्हणणे खटकते, पण त्यात तुच्छता शून्य असते. तोच 'तू' अनोळखी विरोधकाला लागला की चपराक. उलटही खरे: रोज 'तू' म्हणणाऱ्याने अचानक "आपण थोर आहात" म्हटले तर ते एकेरीपेक्षा जास्त बोचते. नेहमीची पायरी कोणती हे बघावे. तिथून वर किंवा खाली कुठेही उडी मारली की तिरकस सूर निघतो. 'ध्यान' हा शब्दही असाच: अभंगात ते विटेवरचे रूप, रस्त्यात "काय ध्यान आहे!" मोठेपणाचे शब्दही यातून सुटलेले नाहीत. पेशवाईतले 'साडेतीन शहाणे' (सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणीस) हे गौरवाचे, आणि 'दीडशहाणा' ही शिवी. तिथे अर्धा कमी भरला तरी मान, इथे अर्धा जास्त भरला की अपमान!

धार्मिक वादात याची जुनी आणि स्वच्छ नोंद अशोकाच्या लेखांत सापडते. त्यांतला 'पासंड' (संस्कृत पाषंड) म्हणजे साधा 'पंथ', आपलाही आणि दुसऱ्याचाही. पुढे इतरांच्या पंथाला तो शब्द नाक मुरडून लावला गेला, आणि आज 'पाखंडी' म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा. अशोकाच्या बाराव्या शिलालेखाचा विषय नेमका हाच आहे. प्रसंग नसताना स्वपंथाची स्तुती आणि परपंथाची निंदा करू नये, आणि प्रसंग असला तरी ती हलकी असावी; त्यासाठी शब्द वापरला आहे 'वचिगुती', वाणीचा संयम. टीका करूच नका असे तो म्हणत नाही, मात्रा सांगतो. त्याची स्वतःची पदवीही या फेऱ्यातून सुटली नाही. आपल्या ग्वाल्हेर-झाशी वाटेवरच्या दतिया जिल्ह्यात गुजर्रा येथे त्याचा लेख आहे. 'देवानांप्रिय' या पदवीसोबत 'अशोक' हे नाव स्पष्ट असलेल्या मोजक्या लेखांतला तो एक. आणि सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत 'देवानांप्रिय'चा अर्थ दिला आहे: मूर्ख.

राजकारणात फार वेळ घालवत नाही, तिथे रोज नवी भर पडते. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली त्या काळात 'नेमस्त' हा बरा शब्द उपलब्ध असताना विरोधकांनी 'मवाळ' उचलला, आणि पाठ्यपुस्तकांत आज तोच आहे, नुसत्या वर्गनामासारखा. 'सुधारक' हाही एकोणिसाव्या शतकात टोमण्यासारखा फेकला जाई. आगरकरांनी १८८८ मध्ये आपल्या पत्राला तेच नाव दिले. आताच्या काळात एका बाजूने 'भक्त', दुसऱ्या बाजूने 'फुरोगामी'. पहिल्यात चांगला शब्द जसाच्या तसा ठेवून सूर बदलला आहे, दुसऱ्यात अक्षर बदलले आहे. माझ्या मते पहिली तऱ्हा जास्त नुकसान करते, कारण मूळ शब्दच जातो. आता कुणाला साध्या अर्थाने 'भक्त' म्हणायचे तर आधी खुलासा द्यावा लागतो.

एक नेहमीची चूक इथेच सांगतो: 'कथित' आणि 'तथाकथित'. कथित म्हणजे सिद्ध न झालेला: कथित गैरव्यवहार. तथाकथित म्हणजे नाव आहे पण पात्रता नाही: तथाकथित विचारवंत. बातमीत 'तथाकथित गैरव्यवहार' लिहिले की लेखकाने निकालच दिला, की गैरव्यवहार झालाच नाही.

आता मूळ वाक्य. त्यातून 'म्हणे' काढा, 'बित्यनारायण' काढा, 'हे'च्या जागी ज्याच्याशी बोलता तो 'तू' किंवा 'तुम्ही', जे नेहमीचे असेल ते घाला, गळालेले क्रियापद परत आणा. उरते ते असे: "तू स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवतोस आणि घरी सत्यनारायण होतो. या दोन्हींची सांगड कशी घालतोस?" यात उत्तर देण्याजोगा मुद्दा आहे. तो म्हणेल, पूजा आईची आहे. किंवा म्हणेल, सण आणि श्रद्धा वेगळ्या. म्हणजे लिहिणाऱ्याचा दावा अर्धा खरा होता: टीका होती. "आले मोठे धर्मरक्षक!"वर हीच चाळणी लावली तर खाली काहीच पडत नाही, तिथे 'हेटाळणी'खेरीज दुसरे नाव शोधायची गरज नाही.

चाळताना दोन ठिकाणी चूक होते. एक, नम्रता वाढवण्याच्या नादात 'कृपया', 'आपणांस नम्र विनंती' घातली जाते आणि पायरी चुकून उपरोध तयार होतो. दोन, शेवटी 'असो' लिहिले जाते. निबंधात 'असो' म्हणजे पुढच्या मुद्द्याकडे वळणे. वादाच्या शेवटी एकटाच आला तर त्याचा अर्थ 'तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही' असा होतो, आणि लिहिणाऱ्याला तो अभिप्रेत नसला तरी वाचणाऱ्याला तोच कळतो. 'बरं बरं' आणि 'हो का' यांचेही तसेच. त्यापेक्षा "हे मला पटत नाही, उद्या बोलू" एवढे पूर्ण वाक्य लिहावे, क्रियापदासकट.