आईला दहा वर्षांपासून शुगर आहे. आरोग्य विम्याच्या फॉर्मवर ती लिहावी का?

तुम्ही म्हणता, आई 63 वर्षांच्या आहेत, शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि एजंट सांगतोय, "लिहू नका, प्रीमियम वाढेल. पाच वर्षं गेली की कंपनी काही विचारू शकत नाही." कृपा करून त्याचं ऐकू नका. शुगर लिहा, कधीपासून ते लिहा, गोळ्यांची नावंही लिहा. आमच्या घरी हे घडून गेलंय, म्हणून कळकळीने सांगतेय.

2019 मध्ये बाबांची पॉलिसी काढली. एजंट ओळखीचेच. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर फॉर्म भरला, आजारांच्या प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' केलं, बाबांच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि काम संपलं. बाबांना बीपीची गोळी तेव्हाही चालू होती. तिसऱ्या वर्षी एका रात्री छातीत दुखायला लागलं. कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "काका, बीपी-शुगर काही?" घामाने भिजलेले बाबा म्हणाले, "बीपी आहे, दहा-अकरा वर्षं झाली." ती एक ओळ केस पेपरवर चढली. कॅशलेस नाकारलं, मागाहून बिलांचा क्लेमही नाकारला, आजार लपवला म्हणून पॉलिसी रद्द झाली. दोन स्टेंटचं बिल आम्ही बाबांच्या निवृत्तीची एफडी मोडून भरलं.

तेव्हा आधीच्या आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबावं लागायचं, म्हणजे खरं लिहिलं असतं तरी तो एक क्लेम कदाचित अडकलाच असता. पण पॉलिसी हातात राहिली असती आणि 2023 पासून हृदयाचंही सगळं त्यात आलं असतं. आता दोन स्टेंट असलेल्या माणसाला पॉलिसी द्यायला कंपन्या तयार होत नाहीत. आमचं खरं नुकसान हे आहे.

एजंटचं पाच वर्षांचं बोलणं अर्धंच खरं आहे. 1 एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, नियम बदलले. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीन वर्षं. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली (आधी ही मुदत आठ वर्षं होती) की माहिती सांगितली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. मात्र फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत नाही. दहा वर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसाने मुद्दाम 'नाही' लिहिलं, तर त्याला फसवणूक म्हणायला कंपनीला वाव मिळतो. शिवाय ती पाच वर्षं आईने आजारी न पडता काढायची, हे कोणाच्या हातात आहे? खरं लिहिलंत तर तीन वर्षांनी शुगरशी जोडलेला आजारही हक्काने कव्हर होतो. डेंग्यू, अपघात अशा अचानक येणाऱ्या गोष्टींना तर तेवढंही थांबावं लागत नाही.

वाढीव प्रीमियम लावतील, हे खरं. कंपनी नाही म्हणू शकते, हेही खरं. नवीन पॉलिसी घेण्यासाठीची 65 वर्षांची वयाची अट नियामकाने काढली म्हणून प्रत्येकाला पॉलिसी मिळेलच असं नाही. म्हणून दोन-तीन कंपन्यांकडे खरी माहिती देऊन विचारा. जास्त पैसे भरून हा वेटिंग पिरियड कमी करून देणाऱ्याही पॉलिसी आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा भार तरी हलका झाला.

मधल्या तीन वर्षांसाठी तुमच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आईचं नाव घालता येतं का, ते आजच एचआरला विचारा. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. महाराष्ट्रात राहत असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे: कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, योजनेतल्या उपचारांसाठी, अंगीकृत म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात, आणि आजार जुना आहे म्हणून थांबावं लागत नाही. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डही मिळतं. उत्पन्नाची अट नाही. बाबांचं आम्ही तेच काढलं.

उद्या सगळं खरं लिहूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. आम्हीही चौकशी केली होती, पण फॉर्मवरचे ते 'नाही' आमच्याच विरोधात उभे होते.

फॉर्म स्वतः भरा, भरलेला फॉर्म वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका. पॉलिसीसोबत भरलेल्या फॉर्मची प्रत येते, ती आईसमोर बसून वाचा. काही चुकलं असेल तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी परत करायलाही 30 दिवस मिळतात. बाबांची ती प्रत तीन वर्षं कपाटात, पॉलिसीच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती. आम्ही ती पहिल्यांदा वाचली, तेव्हा क्लेम नाकारल्याचं पत्र आलेलं होतं.