डिस्प्ले बदलण्याआधी दहा मिनिटं बायोसमध्ये बघा

ताई, नंतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. गोव्यात डिचोलीला घरी इंटेल चिपचा लॅपटॉप आहे. मागच्या महिन्यात विंडोज काढून उबुंटू २४.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) टाकलं आणि तेव्हापासून स्क्रीन लुकलुकते. पीडीएफ वाचताना जास्त, व्हिडिओ लावला की जवळजवळ नाहीच. दुरुस्तीवाल्याने बाहेरचा मॉनिटर जोडला, त्यावर चित्र स्थिर दिसलं, म्हणून 'पॅनल गेलं, डिस्प्ले बदला' असं सांगितलं. मुलीचं बारावीचं वर्ष आहे. आता डिस्प्लेवर खर्च करायचा की परत विंडोज टाकायचं, हा तुमचा प्रश्न.

आज यातलं काहीच करू नका. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्थिर आहे एवढ्यावरून पॅनल खराब ठरत नाही. तुमच्या वर्णनावरून मला ज्याचा संशय येतोय, तो प्रकार बाहेरच्या मॉनिटरवर असाही दिसला नसता.

त्याचं नाव पॅनल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर. ही सोय असलेल्या लॅपटॉपच्या पॅनलला स्वतःची थोडी मेमरी असते. स्क्रीनवरचं चित्र हलत नसलं की ग्राफिक्स चिप चित्र पाठवायचं थांबवते आणि पॅनल आपल्याजवळची प्रत दाखवत राहतं. यात बॅटरी वाचते. तुम्ही माऊस हलवलात किंवा पान सरकवलंत की चिप जागी होते आणि पुन्हा चित्र पाठवू लागते. ही झोपण्या-उठण्याची वेळ काही पॅनलांवर लिनक्सच्या ड्रायव्हरशी (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रामशी) नीट जुळत नाही आणि डोळ्याला झटका दिसतो. व्हिडिओ चालू असताना चित्र सतत बदलत असतं, चिपला झोपायला मिळतच नाही, म्हणून लुकलुकही नाही. तुमचं पीडीएफचं निरीक्षण म्हणूनच फार मोलाचं आहे. शिवाय ही सोय फक्त आतल्या पॅनलसाठी वापरली जाते, एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरचा तिच्याशी संबंध नाही. त्या परीक्षेत पॅनल आणि पीएसआर दोघांवर सारखाच संशय उरतो.

आता खरी परीक्षा. लॅपटॉप बंद करून चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा (बऱ्याच लॅपटॉपना एफ२, काहींना डिलीट) आणि तिथे दहा मिनिटं थांबा. तिथे उबुंटू अजून सुरूच झालेलं नसतं. तेवढ्यात झाकण हळूहळू मागेपुढे करा. तिथेही स्क्रीन लुकलुकली, विशेषतः ठरावीक कोनात, तर बिजागरीतून जाणारी केबल किंवा तिचा कनेक्टर बघायला हवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कनेक्टरच्या पिना काळवंडतात, समुद्राजवळच्या घरांत तर अजून लवकर. माझ्याकडे फोंड्याहून आलेला एक लॅपटॉप नुसती केबल काढून, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, परत बसवल्यावर सुधारला. पॅनलला हातही लावावा लागला नाही. तेव्हा हार्डवेअरचा दोष निघाला तरी आधी केबल, मग पॅनल.

बायोसमध्ये चित्र शांत राहिलं तर पुढे असं करा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देतो. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा आणि मी सांगितल्याशिवाय मध्ये जागा सोडू नका. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा. उबुंटूच्या ओळीवर असताना 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ सापडेल, तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असेल. त्यापुढे एक जागा सोडून लिहा: आय ९१५ डॉट एनेबल अंडरस्कोर पीएसआर, बरोबरचं चिन्ह, शून्य. मग एफ१०. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. काही बिघडलं तर रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत. म्हणून घाबरू नका, मुलीच्या फायलींना यात कसलाही धक्का नाही.

लॅपटॉप इंटेलच्या लुनार लेक या नव्या चिपपिढीचा असेल, तर ड्रायव्हरचं नाव बदलतं: आय ९१५ च्या जागी 'एक्स ई' लिहायचं.

मग तीच पीडीएफ उघडून अर्धा तास वाचा. लुकलुक थांबली तर शून्याऐवजी एक घालून पुन्हा एकदा सुरू करून बघा. एक म्हणजे पीएसआरचा जुना, साधा प्रकार चालू आणि नवा बंद. त्यातही चित्र शांत राहिलं तर तेच ठेवा, बॅटरी थोडी वाचेल. नाहीतर शून्य. मग ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे, तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे, अवतरणचिन्हांच्या आतच, एक जागा सोडून तीच आज्ञा ठरलेल्या आकड्यासह लिहून सेव्ह करा आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा, 'सुडो'नंतर एक जागा सोडून.

काही लोक सांगतील त्याच ओळीत 'नोमोडसेट' टाका. ते कायमचं ठेवू नका. त्याने ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हरच बाजूला पडतो, स्क्रीनचा उजेड कमीजास्त करता येत नाही आणि व्हिडिओ अडखळतो.

शून्यानेही फरक पडला नाही तर मोबाइलऐवजी लॅपटॉपमध्येच स्क्रीन रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये लुकलुक दिसली तर दोष वरच्या थरात आहे, म्हणजे लॉगिनच्या वेळी वेलँडऐवजी एक्स ऑर्ग निवडून बघायचं (दोन्ही स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या व्यवस्था). दिसली नाही तर ड्रायव्हर किंवा त्याखालचं काहीतरी. मग टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल', एक जागा, 'डॅश के' असं चालवून त्यात 'फिफो अंडररन' असे शब्द आहेत का ते बघा आणि मला कळवा. असले तर चिपकडून पॅनलला चित्र वेळेवर पोचत नाही असा त्याचा अर्थ, आणि मग नवं कर्नल (उबुंटूचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) घालून बघू.

एक गोष्ट आपल्याकडची. पावसात वीज सारखी येते-जाते, लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर आणि परत चार्जरवर जातो, आणि दरवेळी स्क्रीनचा उजेड बदलू शकतो. ती लुकलुक निराळी. बॅटरीवरच एक तास काम करून बघितलंत की ही शंका संपेल.

आणि दुकानात डिस्प्लेची ऑर्डर दिली असेल तर आधी फोन करून ती दोन दिवस थांबवायला सांगा. बायोसची परीक्षा आज रात्री होईल, बाकीचं उद्या.